मिठाच्या गाडीखाली

आमची गाडी म्हणजे छोटा डिझेल ट्रक. पुढे तिघं दाटीवाटीनं बसतील आणि मागे मिठाची पोती रचता येतील, एवढाच. ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जुन्या गाड्या चालवल्या होत्या. ही पहिली स्वतःची, आणि तीही नवी कोरी. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. वसईच्या खाडीकाठच्या आमच्या गावात तेव्हा नवी गाडी आली की लोक ती बघायला यायचे, हात लावून जायचे. ह्यांनी तिला हार घातला, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती मिठागराच्या बांधावर नेऊन उभी केली.

थंडी सरत आली की आमच्याकडे मीठ पिकायला लागतं. तिथपासून पावसाळ्यापर्यंत गाडीला उसंत नसायची. पावसाळ्यात मीठ बंद, तेव्हा गिरीजच्या वाड्यांमधली केळी आणि भाजी. पण खरं काम मिठाचं. ओल्या पोत्यांतून खारट पाणी गळायचं, फळ्यांच्या फटींतून खाली उतरायचं, आणि गाडीच्या पोटाखाली जे जे लोखंड असेल त्याला लागायचं. म्हणून हे रोज संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्यानं गाडी धुवायचे. वरून तर सगळेच धुतात. हे पाइप घेऊन उकिडवे बसायचे आणि खालून धुवायचे. मी म्हणायची, "अंघोळीला एवढा वेळ लावत नाही तुम्ही." ते म्हणायचे, "मला मीठ लागलं तर खाज सुटेल. तिला लागलं तर ती जाईल."

लग्नाआधी मी नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये वाढलेली. वडील मुंबईला नोकरीला, मूळ गाव साताऱ्याकडं. लग्नानंतरही मी वसईच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून जात होते. गाडीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि कळायची गरजही पडली नव्हती.

गाडी घेऊन तीनेक हंगाम झाले असतील. एका दुपारी मिठागरावरच ह्यांना झटका आला. पोतं उचलायला वाकले ते तिरपे पडले. मजुरांनी त्यांच्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. उजवी बाजू पूर्ण गेली होती. हळूहळू बोलणं परत आलं, पाय काठी धरून चालण्याइतका सुधारला, पण उजवा हात काही आला नाही. खांद्यापासून नुसता लटकत राहिला. आंघोळीनंतर मी त्या हाताला तेल लावायची तेव्हा ते दुसरीकडे बघत बसायचे, जसं मी दुसऱ्याच कुणाचा हात चोळतेय.

गाडी दारात उभी ठेवून चालणार नव्हतं. माझे धाकटे दीर वसई पूर्वेला एका कारखान्यात मशीनवर होते. त्यांनी काही दिवस रजा काढली, मग बिनपगारी रजा काढली, आणि शेवटी नोकरीच सोडली आणि गाडीच्या चाकामागे बसले. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. त्यांचं लग्न जमवायचं चाललं होतं, आणि मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरीचाच विचारतात. त्या वर्षी आलेलं एक स्थळ त्यापायीच परत गेलं. भाऊजी त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पण हसरा माणूस घुमा होत गेला, हे मला दिसत होतं.

दोघा भावांचं एरवी छान होतं. आता मात्र गाडी अंगणात शिरली की ह्यांची तपासणी सुरू व्हायची. क्लच का घासतोय, ब्रेक उशिरा का लागतोय, पोती डावीकडे जास्त का रचली. भाऊजी ऐकून घ्यायचे, जेवायचे आणि ओट्यावर जाऊन झोपायचे. सासूबाई असत्या तर त्यांनी दोघांनाही दोन शब्द सुनावले असते. त्या आधीच गेल्या होत्या. मी मधे पडायची नाही. कुणाची बाजू घेतली तरी दुसऱ्याचं मन मोडलं असतं.

त्याच्या पुढच्या वर्षी, मीठ नुकतंच पिकायला लागलं होतं तेव्हा, गाडीचा जोर गेला.

"ओढतच नाय," भाऊजी येऊन म्हणाले. "रेल्वेच्या पुलावर पयल्या गियरमधे पन मरते. मागं रिक्षावाले शिव्या घालतात."

"फिल्टर?"

"बदलला."

"धूर कसा हाय?"

"काळा. पन धुराला दम नाय."

हायवेवरचा एक मेकॅनिक बोलावला. त्यानं इंजिनचं टोपण उघडलं, कान लावला, आणि इंजिन उतरवावं लागेल म्हणून सांगितलं. हे अंगणात खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी मला हाक मारली.

"तू मागं जा. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धर. लांबून धर, चटका बसेल."

मी हात धरला. भाऊजींनी गाडीला रेस दिली. इंजिन नुसतं घोंघावत होतं, गाडी थरथरत होती, पण माझ्या तळव्याला लागत होतं ते अगदी थोडं. चहा गार करायला आपण फुंकर मारतो ना, तेवढं.

"फुंकर आहे नुसती," मी ओरडून सांगितलं.

"मग इंजिन बरं हाय," हे म्हणाले. "आत धूर तुंबलाय. पयला डबा गेला."

तोवर मला माहीत नव्हतं की सायलेन्सरच्या आधी आणखी एक डबा असतो. नव्या गाड्यांना तो असायचा. त्याच्या आत बारीक भोकाभोकांचा दगडासारखा ठोकळा असतो आणि त्यातून जाताना धुरातलं विष कमी होतं, असं मला नंतर समजलं. मेकॅनिक त्याला कॅटलिटिक म्हणाला. ह्यांच्या लेखी तो पहिला डबा. तो ठोकळा आत फुटला होता आणि तुकड्यांनी वाट बुजवली होती.

मेकॅनिकनं वाकून बघितलं आणि मान हलवली. "ह्याचे नट कुठे राहिलेत? सगळा गंजच आहे. गॅसनं कापून टाकतो, सरळ पाइप मारतो. तासाभराचं काम."

"गॅस नको," हे म्हणाले. "बाजूनं डिझेलचा पाइप जातो. ब्रेकचा पन तिथंच."

"मी रोज कापतो, काका."

"माझी नको कापू."

मेकॅनिक गेला. जाताना म्हणाला, "मग तुम्हीच खोला." रागानं नाही म्हणाला, पण ते लागायचं तिथं लागलं.

त्या शनिवारी दुपारी भाऊजी गाडीखाली शिरले. सकाळपासून पोती उचलून आलेले, जेवण धड झालेलं नाही. हे बाहेरून सांगत होते, आधी तेल मुरू दे, घाई करू नको. भाऊजींना सोमवारी मिठाची खेप न्यायची होती. त्यांनी पान्ह्याला लांब पाइप लावला आणि जोर मारला. पान्हा सटकला. नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला आणि भाऊजींची बोटं खालच्या पट्टीवर आपटली. ते रक्ताळलेली बोटं झाडत बाहेर आले.

"गोल केलास ना?" हे म्हणाले. "आता पान्हा कुठं लागनार त्याला? हात हायेत तुला, डोकं नाय."

भाऊजींनी पान्हा जमिनीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. तुला डोकं हाय, हात नाय."

आणि मोटारसायकल काढून निघून गेले.

ते वाक्य अंगणात तसंच राहिलं. हे खुर्चीत बसून समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघत होते. मी चहा आणून ठेवला, तो साय धरून गार झाला. मी आत जाऊन उगाच धुतलेली भांडी परत धुतली. मला भाऊजींचा राग येत नव्हता आणि ह्यांचाही येत नव्हता, आणि दोघांचाही येत होता.

उन्हं उतरल्यावर बाहेर काहीतरी घसटल्याचा आवाज आला. मी दाराशी गेले. ह्यांनी काठी गाडीला टेकवून ठेवली होती, डाव्या हातात तेलाचा डबा धरला होता, आणि गुडघ्यावर बसायचा प्रयत्न चालला होता. उजवा पाय वाकत नव्हता. ते तसेच एका कुशीवर कलले, तेल सदऱ्यावर सांडलं. मी धावले. त्यांना उठवून बसवलं.  सदरा बदलायला त्यांना आत न्यावं असं आधी वाटलं. पण त्यांच्या हातातला डबा काढून घेतल्यावर माझ्या तोंडून निघालं, "सांगा, कुठं ओतायचं ते."

"तुला जमनार नाय."

"ओतायला काय जमायचंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या साडीकडे बघितलं. "कपडे बदलून ये."

मी भाऊजींची जुनी पँट आणि ह्यांचा एक सदरा चढवला. डोक्याला फडकं बांधलं. कुंपणापलीकडून शेजारच्या बायका बघायला लागल्याच. एकीनं विचारलं, "काय हो, गाडी शिकता का?" मी म्हटलं, "आधी खालून शिकतेय."

ह्यांनी मला लगेच शिरू दिलं नाही. आधी मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायला लावले. जॅकनं पुढची बाजू उचलायला लावली, आणि नुसत्या जॅकवर विसंबून राहायचं नाही म्हणून खाली लाकडाचे जाड ओंडके सरकवायला लावले. मग गाडी हलते का ते स्वतः खांदा लावून बघितलं. डोळ्यांत गंज जाईल म्हणून कळंबच्या किनाऱ्यावर कधीतरी घेतलेला काळा चष्मा मला घालायला दिला. मी तो घालून आत गेले आणि ओरडले, "मला काही दिसत नाही."

"चष्मा काढ."

"गंज जाईल ना?"

"मग तुझा नेहमीचा घाल. एवढं काय इचारायचं!"

टायपिंगमुळं मला नंबर होताच. तो चष्मा घालून, हातात विजेरी घेऊन, मी पाठीवर झोपून पुन्हा आत सरकले. लोखंडाचं ते छप्पर नाकाशी आलं तेव्हा घाबरले. सगळीकडे तांबडे पापुद्रे सुटलेले. हात लावला की पोह्यांसारखा गंज गळ्यावर पडायचा. ह्यांनी सांगितलं तसं हात पुढं पुढं नेला आणि मला तो डबा सापडला. पुढच्या बाजूला तीन नट, मागच्या बाजूला तीन. पुढचा एक भाऊजींनी गोल केलेला.

त्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं प्रत्येक नट घासला आणि तेल घातलं. रविवारी सकाळी पुन्हा, दुपारी पुन्हा. मधेमधे हातोडीनं हळूच ठोकायचं, म्हणजे तेल आत उतरतं. मी कंटाळले. "अजून किती?" ते म्हणायचे, "पिऊ दे त्याला." माणसांच्या बाबतीत हा गृहस्थ एवढा उतावळा झाला होता, आणि गंजलेल्या नटाला पाहुण्यासारखा आग्रह करत होता.

भाऊजी घरी आले नाहीत. नायगावला मित्राकडे आहेत असं कुणीतरी सांगून गेलं.

सोमवारी मी कामावर गेले. रात्री साबण, लिंबू, राख, सगळं लावून झालं होतं, तरी नखं काळीच. वकील साहेब एक प्रतिज्ञापत्र सांगत होते, ते मधेच थांबले आणि माझ्या बोटांकडे बघायला लागले. "बाई, हे काय झालं?" मी म्हटलं, "गाडीचा सायलेन्सर खोलतेय." त्यांना ती थट्टा वाटली. हसून पुढचं वाक्य सांगायला लागले. मला मात्र त्या हाताचं जरा कौतुकच वाटत होतं. दुपारी लवकर निघाले.

त्या दिवशी पहिला नट सुटला.

"आधी आवळ," ह्यांनी बाहेरून सांगितलं. मला त्यांचे फक्त पाय आणि काठी दिसत होती.

"सोडवायचाय ना?"

"सोडवायचाच हाय. पन आधी जरासा आवळ. आतला गंज तुटला पायजे. मग उलटा घे. मग परत आवळ. ओढू नको, डुलव."

मी तसं केलं. दोन्ही हातांनी पान्हा धरून, पाय मागच्या चाकाला रोवून. एकदम टक् असा आवाज झाला. मला वाटलं, मोडला. 

"सुटला!" हे बाहेरून म्हणाले.

"मोडला वाटतं..."

"नाय नाय. मोडल्याचा आवाज वेगळा. सुटला. फिरव आता."

मी फिरवला, आणि तो फिरला. खरखरत, कुरकुरत, पण फिरला. बाहेर हे हसत होते. झटका आल्यापासून ते हसले नव्हते असं नाही, टीव्ही बघताना हसायचे, कुणी आलं की हसायचे. पण हे हसू पूर्वीचं होतं, घशातून येणारं. मी गाडीखाली तशीच पडून ते ऐकलं.

मग एकेक करून मागचे तीनही निघाले. समोरासमोर जे बोलायला मला वर्षभर जमलं नव्हतं ते तिथं जमलं, कदाचित मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून.

"भाऊजींना तसं बोलायला नको होतं तुम्ही," मी वरच्या लोखंडाकडे बघत म्हटलं.

काठी हलली. "तो काय बोलला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. ते वाईटच बोलले. पण वर्षभर तुम्ही रोज बोलताय."

"गाडीचं बोलतो. त्याला थोडंच बोलतो?"

"त्यांना तसं वाटत नसणार. नोकरी सोडून बसलेत ते."

"मी कुठं सांगितलं होतं सोडायला?"

"नव्हतं सांगितलं," मी म्हटलं. "न सांगता सोडली त्यांनी."

 बाहेर काठी दोनदा जमिनीवर आपटली. "पुढचे बघ. उजेड हाय तोवर."

पुढचे दोन मंगळवारी निघाले. राहिला तो गोल झालेला. त्याला कुठलाच पान्हा धरेना. मी करवतीच्या पात्याला फडकं गुंडाळून घासत बसले होते. जागा इतकी अडचणीची की पातं बोटभर पुढं आणि बोटभर मागं, एवढंच जायचं. तेवढ्यात मोटारसायकल अंगणात आल्याचा आवाज आला. मग ती बंद झाली.  मला भाऊजींच्या चपला दिसल्या, ह्यांच्या पायांपासून थोड्या लांब.

"वहिनी?" ते म्हणाले. "माझी पँट घालून तुम्ही खाली काय करताय?"

"तुम्ही गोल केलेला नट कापतेय," मी म्हटलं.

ते खाली वाकले. तोंड उतरलेलं, दाढी वाढलेली. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून जमिनीवर ठेवली. नंतर बघितलं तर त्यात नवे नट-बोल्ट होते आणि जोडात घालायचं पॅकिंग. मित्राच्या घरी तीन दिवस राहून हा माणूस हे शोधत फिरला होता.

"बाहेर या. मी करतो."

"बाहेर येत नाही. तुम्ही आत या."

ते माझ्या शेजारी पाठीवर सरकले. त्यांनी पातं घेतलं, थोडं घासलं, आणि म्हणाले, "असं उद्यापर्यंत होनार नाय. छिन्नीनं नट फोडायला पायजे."

बाहेरून हे सांगू लागले. छिन्नी खालून लाव, तिरकी धर, उजवीकडनं मार. भाऊजी म्हणाले, "उजवीकडं जागा नाय दादा, पट्टी आडवी येते." हे म्हणाले, "पट्टीच्या वरनं." भाऊजी म्हणाले, "वर ब्रेकचा पाइप." दोघांचाही आवाज चढायला लागला. ह्यांना आत दिसत नव्हतं आणि भाऊजींना सांगता येत नव्हतं. मी मधे आडवी पडलेली. आता पुन्हा शनिवार होतो की काय, असं वाटलं.

तेव्हा हे म्हणाले, "मला आत घ्या."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. "कसं घ्यायचं?"

"पोती अंथरा. आन ओढा. मला काय होतंय?"

आम्ही दोघं बाहेर आलो. मिठाची दोन रिकामी पोती पसरली, त्यावर ह्यांना आडवं केलं. भाऊजींनी खांद्यांना धरलं, मी पाय सरळ ठेवले, आणि हळूहळू सरकवत त्यांना गाडीखाली नेलं. लटका हात मी त्यांच्या पोटावर ठेवला, अडकू नये म्हणून. एका बाजूला भाऊजी, मधे हे, दुसऱ्या बाजूला मी. विजेरी माझ्या हातात.

हे काही वेळ नुसते वर बघत राहिले. वर्षभरानं ते तिथं आले होते. त्यांचा डावा हात वर गेला आणि लोखंडावरून फिरला. गंजाचे पापुद्रे त्यांच्या छातीवर पडत होते.

"एवढं खाल्लं मिठानं," ते म्हणाले.

भाऊजी अगदी हळू म्हणाले, "मी खालून कधी धुतलीच नाय दादा. वरनं पानी मारायचो फक्त."



"तू कधी धुनार होतास," हे म्हणाले. "अंधार पडल्यावर येतोस, पहाटे जातोस."

एवढंच.  ह्यांनी छिन्नी मागितली. डाव्या हातात घेतली, चाचपत नटाच्या एका बाजूला लावली, जराशी वळवली, पुन्हा लावली. छिन्नी तिथं अशी बसली की पट्टीही आड येत नव्हती आणि ब्रेकचा पाइपही. "हां. आता मार."

भाऊजींनी हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली. मारायला जागा थोडी, उजेड थोडा, आणि छिन्नीच्या डोक्याखाली ह्यांची मूठ.

"मी धरतो दादा. वहिनी मारतील."

"तिला नेम नाय. तूच मार."

"चुकला तर? तुझा हा एकच हात हाय."

"ठाऊक हाय मला," हे म्हणाले. "मार तू."

 मी विजेरी दोन्ही हातांनी धरली. भाऊजींनी पहिला घाव अगदी हलका मारला. "दार वाजवतोस का?" हे म्हणाले. मग भाऊजींनी मारला. नेमका बसला. परत मारला. ह्यांची मूठ हलली नाही, डोळे मिटले नाहीत. गंज आणि माती आमच्या तिघांच्या तोंडावर पडत होती. किती घाव झाले कोण जाणे, एका घावाला नट उभा चिरला आणि त्याचा अर्धा तुकडा माझ्या गळ्यात येऊन पडला, कोमट.

डबा सुटला तो सरळ भाऊजींच्या छातीवर. ते कळवळले आणि मग हसायला लागले. हे पण हसत होते, मी पण. काजळी अशी उडाली की आम्ही खोकत होतो आणि हसत होतो, आणि कुंपणापलीकडून कुणीतरी विचारत होतं, "अहो, काय झालं? लागलं का कुणाला?"

बाहेर येऊन भाऊजींनी डबा उपडा केला. मधाच्या पोळ्यासारख्या ठोकळ्याचे काळे तुकडे खाली पडले. सरळ पाइप टाकून आजच गाडी चालू करू, असं भाऊजी म्हणाले. पुष्कळजण तसंच करायचे. ह्यांनी डोकं हलवलं. "गाडी आपल्याच दारात उभी र्‍हाते. धूर आपल्याच घरात येनार. होता तसा बसव." मग भाऊजींनी दोन-तीन दुकानं पालथी घालून तसाच नवा डबा आणला. तोवर मिठाच्या खेपा शेजारगावच्या एका गाडीवाल्यानं नेल्या. नवा बसवायला काहीच त्रास झाला नाही. प्रत्येक बोल्टाला काळं ग्रीस लावून द्यायचं काम ह्यांनी डाव्या हातानं केलं, खुर्चीवर बसून, एकेक बोल्ट फडक्यावर ओळीनं मांडून.

गाडी चालू केल्यावर मी आपण होऊनच मागे जाऊन हात धरला. भाऊजींनी रेस दिली आणि माझा हात मागं ढकलला गेला.

"पुलावरनं नेऊन आनतो," भाऊजी म्हणाले, आणि मग ह्यांच्याकडे न बघता, "येतोस का?"

झटका आल्यापासून हे त्या गाडीत बसले नव्हते. दवाखान्यात जायचं तर रिक्षा. कितीदा म्हटलं तरी नको म्हणायचे. त्या दिवशी उठून काठी टेकत केबिनपर्यंत गेले. भाऊजींनी खालून आधार दिला, मी पाय उचलून ठेवला, आणि ते क्लीनरच्या जागेवर बसले. इतकी वर्षं ते नेहमी चाकामागे बसायचे. ह्या बाजूनं त्यांना बघायची मला सवय नव्हती.

ते दोघं बऱ्याच उशिरा आले. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आले होते. गाडी कुठं बंद तर पडली नाही, ह्यांना काही झालं तर नाही, नको ते मनात येत होतं. आले तेव्हा दोघांच्याही पायांना मिठागरातला चिखल होता.

"पूल तिसऱ्या गियरवर चढली," हे उतरता उतरता म्हणाले.

"पण होता कुठं एवढा वेळ?"

"बांधावर बसलो होतो," भाऊजींनी सांगितलं. "दादा पडला होता ना, तिथं. मजुरांनी चहा पाजला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते काठीनं चपलेचा चिखल काढत होते.

पुढच्या हंगामापासून हे रोज गाडीबरोबर जायला लागले. पोती मोजायला, मजुरांशी बोलायला, वाटेत भाऊजींशी वाद घालायला. वाद व्हायचेच, पण ते गाडीतच व्हायचे, घरी यायचे नाहीत. काही काळानं भाऊजींना वसई पूर्वेलाच दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं, त्यांचं लग्नही झालं, आणि आम्ही पगारी ड्रायव्हर ठेवला. मग मिठागरं एकेक करून बंद पडत गेली, तेव्हा गाडी विकली. घेणारा आला त्या दिवशी हे त्याला सगळी गाडी फिरून दाखवत होते. टायर, मागच्या फळ्या, इंजिन. शेवटी म्हणाले, "खालचं हिला इचारा. खालचं हिला माहीत हाय."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मी पदर खोचला आणि त्याला वाकायला सांगितलं.